मनाची विचारपूस

दवाखान्यांत आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसलेल्या रोग्याच्या हातीं अलीकडे पुष्कळ ठिकाणीं एक कागद देण्यांत येतो. त्यावर नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामांतील गोडी गेली होती काय, मन उदास होतें काय, झोंप नीट लागत होती काय. मग थकवा, भूक, स्वतःविषयीं वाटणारा कमीपणा, चित्ताची अस्थिरता, हालचालींतील मंदपणा किंवा तगमग. आणि अगदीं शेवटीं, मरून गेलेलें बरें असें मनांत येत होतें काय. प्रत्येक प्रश्नापुढें चार घरें: मुळींच नाहीं, कांहीं दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. या चार घरांना शून्यापासून तीनपर्यंत गुण. बेरीज २७ च्या वर जाऊं शकत नाहीं. ती १० झाली कीं डॉक्टरनें सावध व्हावें असा संकेत आहे.

माणसाच्या दुःखाची अशी बेरीज मांडलेली पाहून प्रथम हंसूं येतें, आणि मागाहून थोडा रागहि येतो. माझेंहि तसेंच झालें. परंतु हा कागद आला कोठून, तो कोणी, कोणासाठीं आणि कोणाच्या पैशानें तयार केला, याचा माग काढूं लागल्यावर राग बराच ओसरला व त्याच्या जागीं कुतूहल उत्पन्न झालें. शंभर वर्षांहून अधिक काळाचा हा इतिहास दोन महायुद्धांतून, लंडनच्या एका दवाखान्यांतून आणि एका औषध कंपनीच्या तिजोरीवरून फिरत फिरत आपल्या गोव्यापर्यंत आणि अमरावती जिल्ह्यापर्यंत येऊन पोंचला आहे.

रोग्याला प्रश्न विचारणें ही कांहीं नवी युक्ति नव्हे. आपल्या वैद्यकानें दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. पण वैद्याचा प्रश्न रोग्यागणिक बदलतो; पहिल्या उत्तरांतून दुसरा प्रश्न निघतो. येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमानें विचारावयाचे आणि उत्तरें मोजावयाचीं, ही कल्पना मात्र निराळी आहे. तिचा जन्म रोग्याच्या उशाशीं झाला नाहीं. तो सैन्यभरतीच्या रांगेंत झाला.

इ. स. १९१५ च्या आरंभीं चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरनें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत तीन शिपायांची हकीकत प्रसिद्ध केली. गोळे जवळ येऊन फुटले होते. पण ज्यानें खुलासा व्हावा अशी जखम दिसत नव्हती, आणि तरीहि दृष्टि अधू झालेली, वास व चव हरपलेली, स्मृति पुसल्यासारखी झालेली. 'शेल-शॉक' हें नांव या लेखानें वैद्यकांत रूढ केलें. युद्ध लांबत गेलें तशी अशा शिपायांची संख्या सहस्रावधि झाली. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां तिच्यापुढें प्रश्न उभा राहिला कीं, जे पुढें खंदकांत कोसळून पडतील असे तरुण जहाजावर चढण्यापूर्वींच कसे ओळखावे? मनोविकारांचे जाणते डॉक्टर मूठभर, आणि भरतीचे तरुण लक्षावधि. तेव्हां कोलंबिया विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांच्याकडे हें काम आलें. त्यांनीं मनोविकारी माणसांच्या पूर्ववृत्तांतून लक्षणें वेंचून प्रश्न रचले, ते निरोगी माणसांना घालून पाहिले, आणि ज्या प्रश्नाला निरोगी माणसांपैकींहि पुष्कळजण दोषसूचक उत्तर देत ते गाळून टाकले. उरले ११६. शरीर धडधाकट वाटतें का, झोंप चांगली लागते का, मध्यरात्रीं दचकून जाग येते का, पूल ओलांडतांना जिवाची घालमेल होते का, असे ते प्रश्न. उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाहीं'. या सगळ्याला नांव दिलें 'वैयक्तिक माहितीचें पत्रक'. नांवांतच सावधगिरी आहे. तुझ्या मनाची परीक्षा चालली आहे असें शिपायाला कळूं नये.

हें पत्रक भरतीच्या कामीं लावण्यापूर्वींच नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध थांबलें. पुढें तें शाळा-कॉलेजांतून वापरलें गेलें व पुढल्या कित्येक प्रश्नावल्यांचें मूळ ठरलें. पण त्याच्या जन्मकथेंतली एक गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. उत्तरें हवीं होतीं तीं सैन्याला. ज्याला प्रश्न विचारले जाणार होते त्या तरुणाला त्यांपासून उपचार मिळणार नव्हता. फार तर घरीं परत जाण्याची परवानगी मिळाली असती. ज्याला लढावयाचें आहे तो लक्षणें लपवील आणि ज्याला लढावयाचें नाहीं तो तीं वाढवून सांगेल, ही अडचण तेव्हांपासूनच या कागदाच्या पांचवीला पुजलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धांत हें साधन खरोखरीच हातीं घेण्यांत आलें. भरतीकेंद्रावरील डॉक्टरला एकेका उमेदवाराच्या मनाची परीक्षा करावयास कांहीं मिनिटेंच मिळत. कोणाला नाकारावें याविषयीं केंद्राकेंद्रांत अतोनात तफावत पडे. अमेरिकन युद्धखात्यांत सॅम्युएल स्टाउफर यांच्या हाताखालीं समाजशास्त्रज्ञांचें एक पथक होतें. त्यानें नाना तऱ्हेचे प्रश्न मनोविकारानें इस्पितळांत पडलेल्या शिपायांना आणि कामावर असलेल्या शिपायांना विचारून पाहिले. दोघांतील भेद सर्वांत चांगला कशानें उघड झाला? धैर्य, घरची ओढ, बालपणीचे प्रसंग, यांपैकीं कशानेंहि नव्हे. तो उघड झाला हात कांपणें, छातीत धडधडणें, दरदरून घाम सुटणें, रात्रीं वाईट स्वप्नें पडणें अशा १५ साध्या प्रश्नांनीं. मन शोधावयास निघालेल्या या विद्वानांना मनाची वाट शरीरांतून सांपडली.

याच सुमारास न्यूयॉर्क येथें कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कीव्ह ब्रॉडमन, हॅरल्ड वुल्फ प्रभृति डॉक्टर सैनिकांसाठीं अशाच याद्या करीत होते. युद्ध संपल्यावर त्यांनीं ती विद्या नागरिकांच्या दवाखान्यांत आणली. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलींत चार पृष्ठें व १९५ प्रश्न होते. तिची रचना मोठी मार्मिक आहे. आरंभीं डोळे, कान, श्वास, हृदय, पोट, सांधे, त्वचा. मग थकवा, वारंवार होणारीं दुखणीं, संवयी. आणि हें सगळें झाल्यावर शेवटच्या भागांत भीति, खिन्नता, चिडखोरपणा, मनाचा ताण. रोगी पोट आणि पाठ यांविषयीं 'होय', 'नाहीं' करीत करीत कागदाच्या शेवटीं पोंचतो, तोंवर त्याचा संकोच गेलेला असतो. आपल्याकडील जाणती आजी घरीं आलेल्या लेकीला आधीं जेवणाखाण्याचें विचारते व सासरचें मागाहून, त्यांतलाच हा प्रकार. आणि या डॉक्टरांनीं आपल्या कागदाला मुलाखतीचें साहाय्यक साधन म्हटलें, मुलाखतीचा पर्याय म्हटलें नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मला स्वतःला या इतिहासांतील सर्वांत मोलाचें पान वाटतें तें लंडनच्या मॉडस्ली इस्पितळाशीं संबंध असलेल्या डेव्हिड गोल्डबर्ग यांचें. साध्या कुटुंब-डॉक्टरकडे खोकला, पाठदुखी घेऊन येणाऱ्या माणसांत मनानें आजारी किती, हा त्यांचा प्रश्न होता. १९७० सालीं त्यांनीं व ब्लॅकवेल यांनीं एका दवाखान्यांत लागोपाठ आलेल्या ५५३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांतील ब्लॅकवेल हे स्वतः मानसोपचाराचे जाणकार असून कुटुंब-डॉक्टरचें काम करीत होते. म्हणजे नजर साधी नव्हती. तरीहि जितके रोगी मनानें त्रस्त ठरले त्यांपैकीं सुमारे एक-तृतीयांश त्यांच्या नजरेंतून निसटले होते व प्रश्नावलीनें हातीं लागले. या निसटलेल्या आजारांना त्यांनीं 'छुपे' म्हटलें. मला वाटतें, ते छुपे नव्हते. त्यांना कोणी विचारलें नव्हतें, इतकेंच.

गोल्डबर्ग यांची प्रश्नावली १९७२ सालीं ६० प्रश्नांची म्हणून बाहेर आली. पुढें तिचीं ३०, २८ व १२ प्रश्नांचीं रूपें झालीं. ती रोगाचें नांव सांगत नाहीं. 'नेहमीपेक्षां' झोंप कमी झाली आहे का, 'नेहमीपेक्षां' ताण अधिक वाटतो का, असें ती माणसाची त्याच्या स्वतःशींच तुलना करून विचारते. यांत शहाणपण आहे आणि खोटहि आहे. जो वर्षानुवर्षें दुःखी आहे त्याचें 'नेहमीचें'च दुःख असतें. तो 'नेहमीइतकेंच' म्हणून मोकळा होतो व कागद त्याला निरोगी ठरवितो.

शरीराच्या तक्रारींचा हा धागा मी मुद्दाम धरून ठेवला आहे. मराठींत 'जीव' हा एकच शब्द देह आणि मन या दोहोंचा कारभार पाहतो: जीव घाबरतो, जीव गुदमरतो, जीव लागत नाहीं, जीव नकोसा होतो. आपल्याकडील माणूस मनाचें दुःख शरीराच्या भाषेंत सांगतो असें परदेशी ग्रंथांत पुष्कळदां लिहिलेलें आढळे, आणि त्यांत सुसंस्कृतपणाच्या पायऱ्या मोजण्याची सूक्ष्म खोडहि असे. १९९९ सालीं एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १४ देशांतील १५ केंद्रें, त्यांत आपलें बंगलोरहि होतें. २५,९१६ रोग्यांची चाळणी. त्यांतून नैराश्य ठरलेले १,१४६. या नैराश्यग्रस्तांपैकीं शेंकडा ६९ जणांनीं डॉक्टरकडे येतांना सांगितलें तें केवळ शारीरिक दुखणें. प्रमाण केंद्रागणिक ४५ पासून ९५ पर्यंत बदललें. पण तें शून्यावर कोठेंच गेलें नाहीं. शरीराच्या वाटेनें बोलणें ही केवळ पौर्वात्यांची रीत नव्हे. ज्या दवाखान्यांत रोग्याचा एकच ठरलेला डॉक्टर नसे, तेथें हें प्रमाण अधिक आढळलें, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

माझ्या एका मावशीच्या हातापायांची आग होत असे. वर्षानुवर्षें ती या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे गेली. कोणी पित्त म्हटलें, कोणी रक्त कमी म्हटलें, शक्तीचीं इंजेक्शनें झालीं. घरांत गुलकंद झाला, रात्रीं काशाच्या वाटीनें तळपायांना तूप चोळणें झालें. तिचा थोरला मुलगा विहिरींत बुडून गेला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून ही आग सुरू झाली होती. हें घरांत सर्वांना ठाऊक होतें आणि आगहि सर्वांना ठाऊक होती. पण या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून कोणीहि, आम्हीसुद्धां, तिला एक प्रश्न विचारला नाहीं.

मधल्या काळांतील कांहीं नांवांचा केवळ उल्लेख करून पुढें जातों. नैराश्यावर गोळ्या निघाल्या आणि त्या लागू पडतात कीं नाहीं हें मोजण्याची गरज पडली. १९६० सालीं लीड्सचे मॅक्स हॅमिल्टन यांनीं १७ बाबींचें मोजमाप केलें. तें डॉक्टरनें भरावयाचें, आणि तेंहि निदान झालेल्या रोग्याविषयींच. त्यांतील तीन बाबी एकट्या झोंपेच्या असल्यामुळें केवळ गाढ झोंप आणणारें औषधहि बेरीज बरीच खालीं आणूं शके, हा आक्षेप पुढें घेतला गेला. १९६१ सालीं फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनीं रोग्यानें स्वतः भरण्याची २१ बाबींची यादी दिली. १९८३ सालीं झिगमंड व स्नेथ यांनीं इस्पितळांतील रोग्यांसाठीं १४ प्रश्न रचले आणि त्यांतून शरीराचीं लक्षणें जाणूनबुजून वगळलीं. कारण कर्करोगाच्या रोग्याला थकवा व अरुचि असावयाचीच, तिला नैराश्याचे गुण कसे द्यावे? शरीर हें मनाची वाट दाखवितें तसेंच ती चुकवितेंहि.

आतां आपण आरंभींच्या नऊ प्रश्नांपाशीं येतों. अमेरिकन मानसोपचारकांच्या संघानें १९८० सालीं मनोविकारांची जी नवी सूची काढली तिचे प्रमुख शिल्पकार रॉबर्ट स्पिट्झर. इतकीं लक्षणें, इतके दिवस, म्हणजे अमुक रोग, असा मोजणीचा दंडक तिनें घातला. मानसोपचारकांसाठीं केलेला हा दंडक साध्या डॉक्टरच्या हातीं द्यावा म्हणून स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स, कुर्ट क्रोंके व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं दोन भागांचें साधन प्रसिद्ध केलें: रोग्यानें भरावयाचें एक पान, आणि त्यावरून डॉक्टरनें घ्यावयाची मुलाखत. १,००० रोग्यांवर तें पारखलें गेलें. डॉक्टरचीं सरासरी ८.४ मिनिटें त्यांत जात. दवाखान्यांत साडेआठ मिनिटें म्हणजे चैन! म्हणून १९९९ सालीं सगळेंच रोग्याच्या हातीं देण्यांत आलें. डॉक्टरनें केवळ नजर फिरवावी. त्यांतूनच २००१ सालीं नैराश्याचे नऊ प्रश्न, २००२ सालीं शारीरिक तक्रारींचे पंधरा, आणि २००६ सालीं चिंतेचे सात प्रश्न असे सुटे कागद निघाले. कॉर्नेलच्या १९५ प्रश्नांत एकत्र नांदणारीं तीन भावंडें अशीं वेगळीं निघालीं. पुष्कळ ठिकाणीं नैराश्याचा कागद तेवढा उरला व शरीराचा मागें पडला, हें मला चांगलें वाटत नाहीं.

या कामाचा खर्च फायझर कंपनीनें उचलला होता, आणि नैराश्यावरील एक प्रसिद्ध औषध याच कंपनीचें. अमेरिकेंत त्याला १९९१ सालीं मान्यता मिळाली होती. गिऱ्हाईक मोजण्याची फूटपट्टी दुकानदारानें वांटावी असा हा प्रकार, असें कोणी म्हटल्यास त्याला अगदींच खोडून काढतां येणार नाहीं. दुसऱ्या बाजूनें, त्या कंपनीनें कागद सर्वांना मोकळा केला. कोणीहि तो छापावा, भाषांतर करावें, पैसे पडत नाहींत. गरीब देशांत तो पोंचला तो यामुळेंच.

पण दहाच्या बेरजेचा अर्थ काय? मूळ पारखणींत नैराश्य असलेल्या १०० जणांपैकीं ८८ जणांना या कागदानें ओळखलें, व नसलेल्या १०० पैकीं ८८ जणांना सोडून दिलें. उत्तम वाटतें. आतां वाचकांनीं थोडें गणित करावें. दवाखान्यांत १,००० माणसें आलीं व त्यांत १०० जणांना खरोखर नैराश्य आहे असें धरूं. कागद ८८ जणांना पकडील. उरलेल्या ९०० पैकीं शेंकडा १२ म्हणजे १०८ जणांनाहि तो पकडील. म्हणजे बोट ठेवलेल्या १९६ माणसांपैकीं निम्म्याहून अधिकांना तो आजार नाहींच! त्यांना कदाचित् शोक असेल, कर्ज असेल, थायरॉईडचा विकार असेल, किंवा त्या पंधरवड्यांत घरांत तान्हें मूल रात्रभर रडत असेल. कागद चाळणी आहे. चाळणीनें निवडलेलें पुन्हां हातानें निवडावें लागतें. या हाताच्या निवडीवरूनच मोठमोठ्या मंडळांतहि एकमत नाहीं. पुढील उपचाराची सोय असेल तेथें प्रौढांची अशी चाळणी करावी, असा सल्ला अमेरिकेंतील सरकार-नियुक्त मंडळानें २००२ सालीं दिला. तर सरसकट करूं नये असें कॅनडाच्या मंडळानें २०१३ सालीं सांगितलें, कारण केवळ चाळणीनें रोग्यांचें भलें होतें असा पुरावा त्याला दिसला नाहीं.

हा वाद पुस्तकांत सुटणारा नव्हता. त्याला आपल्या बाजूनें कांहीं उत्तर मिळालें तें गोव्यांत. डॉ. विक्रम पटेल यांनीं झिंबाब्वेंत काम करीत असतां तेथील शोना भाषेंतील दुःखाच्या शब्दांवरून १४ प्रश्नांची यादी केली होती. 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणें, हा तेथील लोकांचा शब्द. 'विचार करकरून डोकें फुटायची वेळ आली' असें म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटूं नये. १९९६ सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेच्या द्वारें पुढें येथील अभ्यास झाले. गोव्यांतील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या एका पाहणींत, अंगावर पांढरें जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षां मनाच्या व संसाराच्या त्रासाशीं अधिक घट्ट आढळला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत पांच निरनिराळ्या प्रश्नावल्या गोव्यांतील रोग्यांवर एकमेकींशीं ताडून पाहण्यांत आल्या. गोल्डबर्ग यांची १२ प्रश्नांची यादी किंचित् सरस ठरली, पण फरक थोडा. तात्पर्य, कागद कोणता हा मुद्दा दुय्यम होता.

मग पहिला मुद्दा कोणता, तें २०१० च्या प्रयोगानें दाखविलें. गोव्यांतील २४ दवाखाने घेतले, निम्मे सरकारी व निम्मे खाजगी. चाळणी सर्वत्र केली. पण अर्ध्या ठिकाणीं कागदामागें एक माणूसहि बसविला. तो मानसोपचारक नव्हता. त्याच भागांतील, थोडें शिक्षण दिलेला समुपदेशक होता. सरकारी दवाखान्यांत जेथें हा माणूस होता तेथें सहा महिन्यांनीं शेंकडा ६५.९ रोगी बरे झाले होते. जेथें नव्हता तेथें ४२.५. खाजगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाहीं. तेथें दोन्ही बाजूंस बरे होणारे मुळांतच अधिक होते. पुढें त्याच नऊ प्रश्नांत १४ हून अधिक गुण पडलेल्या ४९५ जणांवर आणखी एक प्रयोग झाला. दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रें. सहा ते आठ भेटी, कधीं केंद्रावर तर कधीं रोग्याच्या घरीं. बोलणें असें कीं ज्यानें सुटलेलीं कामें, तुटलेलीं माणसें हळूहळू पुन्हां हातीं यावीं. तीन महिन्यांनीं त्यांतील शेंकडा ६४ जणांचें नैराश्य ओसरलें होतें. अशा भेटी न मिळालेल्यांपैकीं ३९ जणांचें.

विदर्भांत, जेथें शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी वाचण्याची वर्तमानपत्राच्या वाचकाला लाजिरवाणी संवय होऊन गेली आहे, तेथें अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत असेंच काम झालें व त्याचा वृत्तान्त २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें रोग्यानें दवाखान्यांत येण्याची वाट पाहिली नाहीं. गांवांतलेच कार्यकर्ते घरोघर, सभांतून बोलत राहिले. तपासणीला तेच नऊ प्रश्न. पुष्कळ घरीं ते वाचून दाखवावे लागणार, आणि नववा प्रश्न मोठ्यानें उच्चारणें वाचणाऱ्यालाहि सोपें नाहीं. आजूबाजूला सून असते, मुलें असतात, आणि 'होय' असें उत्तर आल्यावर कागद गुंडाळून उठतां येत नाहीं. काम सुरू होण्यापूर्वीं नैराश्य असलेल्या १०० जणांपैकीं ४.३ जणांनीं कोणाकडे तरी मदत मागितलेली होती. अठरा महिन्यांनीं हा आंकडा २७.२ वर गेला, आणि वर्षभरांत आत्महत्येचा विचार मनांत येऊन गेल्याचें सांगणाऱ्यांचें प्रमाण ५.२ वरून २.५ वर उतरलें. उरलेले शंभरांतील बहात्तर-त्र्याहत्तर जण तेव्हांहि कोणाकडे गेलेले नव्हते.